कोरडवाहू शेती आणि घरची वाडी : विदर्भातील गावांसाठी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

विदर्भातील गावांमध्ये शाश्वत शेतीचा विषय निघाला की शेतकरी, शेतमजूर आणि बचत गटातील महिला जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात, त्यांची उत्तरे येथे दिली आहेत. पश्चिमेकडील कापूस-सोयाबीनचा पट्टा आणि पूर्वेकडील धानाचा पट्टा यांची जमीन, पाऊस आणि पीकपद्धती वेगळी असल्यामुळे जेथे गरज आहे तेथे तसा उल्लेख केला आहे.

शाश्वत शेती म्हणजे सेंद्रिय शेतीच का?

नाही. सेंद्रिय शेतीत रासायनिक खते आणि कीटकनाशके पूर्णपणे वर्ज्य असतात आणि तिचे नियम ठरलेले आहेत. शाश्वत शेतीचा प्रश्न त्याहून व्यापक आहे: आज ज्या पद्धतीने शेत कसले जात आहे, त्याच पद्धतीने ते वीस वर्षांनीही पिकेल का, आणि तोपर्यंत शेतकऱ्याच्या हातात काही उरेल का? ज्या शेतातील माती दर पावसाळ्यात नाल्याला जाते, काडीकचरा दर उन्हाळ्यात जळतो आणि बियाण्यापासून भाजीपर्यंत सर्व काही बाजारातून आणावे लागते, ते शेत एकाही रासायनिक गोणीशिवाय कसले तरी शाश्वत ठरत नाही. आमच्या मते विदर्भाच्या कोरडवाहू शेतीत दोन गोष्टींना पहिला मान द्यायला हवा. शेतात पडलेले पाणी आणि शेतात उगवलेला काडीकचरा शक्य तितका शेतातच राहिला पाहिजे, आणि घरातील ताटात येणारी भाजी आधी आपल्या वाडीतून आली पाहिजे. बाकीच्या गोष्टी त्यानंतरच्या आहेत.

आमची जमीन भारी काळी आहे आणि ओलिताची सोय नाही. सुरुवात कोठून करावी?

पाण्यापासून करावी. काळी जमीन पाणी भरपूर धरून ठेवते. परंतु एकदा फुगली की तिच्यात पाणी सावकाश मुरते, त्यामुळे मोठ्या पावसात वरचे पाणी माती घेऊन वाहते आणि सखल भागात पीक पिवळे पडते. पुढे पंधरा-वीस दिवसांची उघडीप आली की तेच पीक सुकू लागते. म्हणून उताराच्या दिशेने पेरणी न करता उताराला आडवी पेरणी करावी, आणि सोयाबीन किंवा हरभरा रुंद वरंबा-सरी पद्धतीने घ्यावा. या पद्धतीत जादा पाणी सरीतून संथपणे निघून जाते आणि उघडीपीच्या काळात वरंब्याला ओल मिळते. ज्यांच्याकडे या पेरणीचे यंत्र नाही, त्यांनी साध्या पेरणीनंतर डवऱ्याला (बैलाच्या कोळप्याला) दोरी गुंडाळून पिकाच्या काही ठरावीक ओळींनंतर सरी काढावी. खर्च जवळजवळ नाही आणि उपयोग त्याच हंगामात दिसतो.

दुसरे काम माती परीक्षणाचे. नमुना पेरणीपूर्वी, शेणखत किंवा रासायनिक खत टाकण्याआधी घ्यावा. धुरा, गुरे बांधण्याची जागा, झाडाखालची सावली आणि उकिरड्याजवळची जागा टाळून शेतात नागमोडी फिरत आठ-दहा ठिकाणी इंग्रजी व्ही अक्षराच्या आकाराचा, साधारण वीतभर खोल खड्डा करून कडेची माती खरवडून घ्यावी, ती एकत्र मिसळावी आणि चार भाग करून समोरासमोरचे दोन भाग टाकत जात शेवटी अर्धा किलो माती ठेवावी. आपल्याकडील काळ्या जमिनींत सेंद्रिय कर्ब आणि जस्त यांची कमतरता वारंवार आढळते. अहवाल हातात असेल तर दुकानदाराने सुचवलेल्या पाच बाटल्यांपैकी कोणत्या अनावश्यक आहेत, हे आपल्याला ठरवता येते.

पऱ्हाटी (कापसाची वाळलेली झाडे), तुराट्या (तुरीच्या काड्या) आणि सोयाबीनचे कुटार जाळू नये, तर त्याचे करायचे काय?

सोयाबीनचे कुटार जनावरांना घालावे, आणि उरलेले शेतातच तुरीच्या किंवा फळझाडांच्या ओळींमध्ये पसरावे. ज्या ठिकाणी कुटाराचा थर आहे तेथील माती एप्रिलच्या उन्हातही हाताने उकरून पाहावी. वरचा थर बाजूला केला की खाली दमट, भुसभुशीत माती आणि गांडुळांच्या विष्ठेच्या बारीक गोळ्या दिसतात, तर दोन हातांवरच्या उघड्या जमिनीत बोट जाईल एवढी भेग पडलेली असते. तुराट्या जळण, वाडीचे कुंपण आणि वेलांचा मांडव यांसाठी कामी येतात, हे वेगळे सांगायला नको.

पऱ्हाटीच्या बाबतीत मात्र काळजी घ्यावी लागते. गुलाबी बोंडअळी पऱ्हाटीवर राहिलेल्या किडक्या बोंडांत आणि सरकीत सुप्त अवस्थेत राहते, म्हणून पऱ्हाटी उपटून धुऱ्यावर किंवा घराजवळ रचून ठेवणे म्हणजे पुढील हंगामासाठी अळी जपून ठेवणे होय. शेवटच्या वेचणीनंतर शेतात शेळ्या-मेंढ्या चारून उरलेली बोंडे संपवावीत, पऱ्हाटी यंत्राने बारीक करावी, आणि ती जमिनीत मिसळावी किंवा खताच्या टाक्यात टाकावी. फरदड, म्हणजे हंगाम संपल्यावरही झाडे राखून कापूस घेण्याचा मोह टाळावा. जानेवारीनंतर मिळणारा तो थोडा कापूस अळीला अखंड खाद्य पुरवतो आणि त्याची किंमत पुढच्या वर्षी सगळ्या गावाला मोजावी लागते. बीटी कापूस २००२ मध्ये आला तेव्हा बोंडअळीचा प्रश्न मिटला असे वाटले होते. परंतु गुलाबी बोंडअळीने त्याला दाद देणे बंद केले आणि २०१७ च्या हंगामात विदर्भातील कापूस उत्पादकांचे मोठे नुकसान झाले.

जनावरेच कमी झाली आहेत. शेणखत आणायचे कोठून?

हा प्रश्न रास्त आहे, आणि त्याचे सर्वांत चांगले उत्तर विदर्भातच शोधले गेले आहे. यवतमाळ जिल्ह्यातील पुसद येथील नारायण देवताव पांढरीपांडे यांनी थोड्या शेणात भरपूर खत तयार करण्याची पद्धत विकसित केली, आणि त्यांच्या नावाच्या आद्याक्षरांवरून ती देशभर नाडेप म्हणून ओळखली गेली. विटांचा, १० फूट लांब, ६ फूट रुंद आणि ३ फूट उंच टाका बांधून त्याच्या भिंतींत हवेसाठी भोके ठेवतात. त्यात काडीकचऱ्याचा थर, त्यावर शेणाचा काला आणि त्यावर चाळलेली माती अशा क्रमाने थर भरून वरून शेणमातीने लिंपून घेतात. अशा एका टाक्याला सुमारे १०० किलो शेण पुरते, आणि साधारण चार महिन्यांत सुमारे ३ टन खत मिळते. खड्ड्यात किंवा उघड्या उकिरड्यावर टाकलेल्या शेणातील बराचसा नत्र उन्हाने आणि पावसाने वाया जातो. टाक्यात तो टिकतो. भेगा पडून वरचे लिंपण उकलले तर ते पुन्हा लिंपावे आणि आत ओल राहील इतके पाणी शिंपडावे. जे लोक टाका भरून विसरून जातात, त्यांना चार महिन्यांनी कोरडा कचराच मिळतो.

जीवामृत दिल्यावर खताची गरज संपते का?

अमरावती जिल्ह्यातील बेलोरा येथील सुभाष पाळेकर यांनी नैसर्गिक शेतीचा प्रसार केला आणि २०१६ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. जीवामृत घराघरांत पोहोचले ते त्यांच्यामुळे. कृती सोपी आहे: २०० लिटर पाण्यात १० किलो ताजे शेण, ५ ते १० लिटर गोमूत्र, १ ते २ किलो गूळ, तेवढेच बेसन आणि धुऱ्यावरची मूठभर माती मिसळून, सावलीत, सकाळ-संध्याकाळ ढवळत दोन दिवस ठेवावे. हे एका एकराला पुरते आणि आठवडाभरात वापरून टाकावे लागते.

जीवामृताकडून अपेक्षा मात्र बेताची ठेवावी. १० किलो शेणात एकरभर कापसाला पुरेल इतके अन्नद्रव्य असूच शकत नाही. जीवामृत मातीतील जिवाणूंना चालना देते, आणि त्या जिवाणूंना खायला काडीकचरा, पालापाचोळा, हिरवळीचे खत असेल तरच त्या चालनेचा उपयोग होतो. उघड्या, जाळलेल्या जमिनीवर नुसते जीवामृत ओतून चांगल्या पिकाची वाट पाहणाऱ्यांची निराशा झालेली आम्ही पाहिली आहे, आणि त्यानंतर ती मंडळी या वाटेला पुन्हा येत नाहीत, याचे अधिक दुःख वाटते.

रासायनिक खते आणि औषधे एकदम बंद करावीत का?

संपूर्ण शेतावर एकाच वर्षी बंद करू नयेत, विशेषतः ज्यांच्या डोक्यावर पीककर्ज आहे त्यांनी. सुरुवातीची दोन-तीन वर्षे उत्पादन घटण्याची शक्यता असते आणि ती घट सोसण्याची ताकद प्रत्येक घरात नसते. एक एकर किंवा अर्धा एकर बाजूला काढून तेथे पूर्ण पद्धत राबवावी, खर्च आणि उत्पन्न वहीत लिहावे, आणि उरलेल्या शेतात गरज नसलेली फवारणी आधी कमी करावी. शेजाऱ्याने फवारले म्हणून आपणही फवारायचे, ही सवय सुटली तरी बराच पैसा वाचतो. कापसात एकरी दोन कामगंध सापळे (मादीच्या गंधाने नर पतंग ओढणारे सापळे) लावून पतंग मोजावेत. सलग तीन रात्री एका सापळ्यात प्रत्येकी आठ किंवा अधिक पतंग आले, किंवा तोडून पाहिलेल्या हिरव्या बोंडांपैकी दहा टक्के किडकी निघाली, तरच गुलाबी बोंडअळीसाठी उपायाची वेळ आली असे समजावे.

कापसाच्या आठ-दहा ओळींनंतर तूर, मधल्या पट्ट्यात मूग किंवा उडीद, धुऱ्याने अंबाडी आणि बरबटी (चवळी), ही आपल्या आजोबांची मिश्र पद्धत होती. त्यात एक पीक गेले तरी दुसरे हाती लागत असे आणि घरातील डाळ, भाजी, जनावरांचा चारा त्याच शेतातून येत असे. ती पद्धत जुनी झाली म्हणून सोडण्यात आली. पण पावसाची लहर पूर्वीपेक्षा वाढलेली असताना तिची गरज उलट अधिक आहे.

निंबोळी अर्क घरी करून उपयोग होतो का?

होतो, मात्र तो वेळेवर आणि नीट केला तर. पावसाळ्याच्या तोंडावर झाडाखाली पडलेल्या पिकलेल्या निंबोळ्या गोळा करून, गर काढून, सावलीत वाळवाव्यात. फवारणीच्या आदल्या दिवशी ५ किलो निंबोळ्या बारीक कुटून ९ लिटर पाण्यात रात्रभर भिजत घालाव्यात, सकाळी पातळ फडक्याने गाळून त्यात १ लिटर पाण्यात विरघळवलेला २०० ग्रॅम साबणचुरा मिसळावा आणि एकूण १०० लिटर द्रावण करावे. हा पाच टक्के अर्क. त्यातील प्रभावी घटक उन्हाने लवकर निकामी होतो, म्हणून फवारणी उतरत्या उन्हात आणि त्याच दिवशी करावी. निंबोळीने अळी लगेच मरून पडत नाही. ती खाणे कमी करते, तिची वाढ बिघडते आणि पतंग अंडी घालायला बिचकतात. त्यामुळे किडीची सुरुवात असतानाच अर्क कामाला येतो. शेत किडीने भरल्यावर तो फवारून त्याला दोष देणे योग्य नाही.

दशपर्णी अर्काबद्दल एक गोष्ट आवर्जून सांगावीशी वाटते. त्यात कण्हेर, रुई, एरंड यांसारख्या वनस्पती असतात आणि काही जण तंबाखूही घालतात. झाडपाल्याचे आहे म्हणून ते निर्धोक ठरत नाही. फवारताना तोंड-नाक झाकावे, हात धुवावेत, आणि वाडीतील पालेभाजीवर तो वापरू नये.

फवारलेल्या शेतातील बरबटी, अंबाडी किंवा रानभाजी खाल्ली तर चालते का?

चालत नाही. शेतमजूर महिला निंदणाहून परतताना ओट्यात तरोटा, घोळ, केना अशी भाजी खुडून आणतात. ही भाजी अतिशय सकस असते आणि गरीब घरांसाठी ती पावसाळ्याचा आधार आहे. पण जेथे आठवडा-पंधरा दिवसांत कीटकनाशक किंवा तणनाशक फवारले गेले आहे, तेथली भाजी घेऊ नये. शेतमालकाने कोणत्या दिवशी काय फवारले ते मजुरांना स्वतःहून सांगणे ही त्याची जबाबदारी आहे. यवतमाळ जिल्ह्यात २०१७ मध्ये फवारणीच्या विषबाधेने शेकडो शेतकरी आणि शेतमजूर दवाखान्यात दाखल झाले आणि अनेकांचे प्राण गेले, हे विसरण्यासारखे नाही. औषधाचे रिकामे डबे पाणी भरण्यासाठी किंवा वाडीला पाणी देण्यासाठी वापरू नयेत. ते फोडून निकामी करावेत. फवारणीचा पंपही वाडीसाठी वेगळा असावा.

परसबागेसाठी किती जागा लागते?

घरामागे एक गुंठा, म्हणजे ३३ फूट लांब आणि ३३ फूट रुंद एवढी जागा मिळाली तर पाच माणसांच्या घराची बरीचशी भाजी तेथून निघते. तेवढी सांदवाडी नसेल तर न्हाणीजवळचा कोपरा, कुंपण आणि छप्पर यांवरही लवकी (दुधी), दोडके, कारले, कोहळे, वालाच्या शेंगा भरपूर येतात. उमेद या बचत गटांच्या सरकारी अभियानातील गट पोषण परसबागा करतात आणि आपल्या गावातील गटाशी बोलल्यास रोपे-बियाणे मिळण्याची वाट सापडते. बीजप्रक्रिया, वाफे, अंतर यांची चिंता सुरुवातीला फार करू नये. मेथी, पालक आणि सांभार (कोथिंबीर) दर पंधरा दिवसांनी थोडे थोडे टाकत राहिले तर एकदम भाजीचा ढीग आणि मग महिनाभर काहीच नाही, असे होत नाही.

न्हाणीचे आणि भांड्यांचे सांडपाणी वाडीला द्यावे का?

अंघोळीचे आणि भांड्यांचे पाणी द्यावे, कपड्यांच्या पावडरीचे शक्यतो देऊ नये. त्या पावडरीतील सोडियममुळे काळी माती आणखी चिकट आणि घट्ट होते. पाणी आधी विटांचे तुकडे, गिट्टी आणि रेती भरलेल्या लहान खड्ड्यातून जाऊ द्यावे, खड्ड्याच्या कडेला कर्दळ, केळी आणि अळू लावावेत, आणि पुढे निघालेले पाणी आळ्यात सोडावे. मुळा, गाजर किंवा कच्ची खाल्ली जाणारी भाजी या पाण्यावर घेऊ नये.

मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या वर जातो. तेव्हा वाडी कशी टिकवावी?

सगळी वाडी टिकवण्याचा अट्टहास करू नये. उन्हाळ्यात चार आळी आणि दोन वाफे जगवले तरी पुरे. पश्चिमेच्या बाजूला तुराट्यांची ताटी उभी करावी, जमीन पालापाचोळ्याने चार बोटे झाकावी, आणि वेलाच्या आळ्यात सच्छिद्र मातीचे मडके गळ्यापर्यंत पुरून ते पाण्याने भरून वर झाकण ठेवावे. पाणी झिरपत थेट मुळांशी जाते, वरची माती ओली होत नाही आणि तण उगवत नाही. तांदुळजा, गवार आणि भेंडी या दिवसांतही तग धरतात. मुंगणा (शेवगा) तर या हवामानाचाच आहे. एकदा मूळ धरले की त्याला फारसे काही लागत नाही, आणि त्याच्या पानांची भाजी शेंगांपेक्षाही पौष्टिक असून आपल्याकडे ती जितकी खाल्ली जावी तितकी खाल्ली जात नाही.

आम्ही खारपाणपट्ट्यात राहतो. विहिरीचे पाणी खारट आहे.

अमरावती, अकोला आणि बुलढाणा जिल्ह्यांतील पूर्णा नदीच्या खोऱ्यात हे दुखणे आहे. तेथे भूजलावर वाडी करण्याऐवजी छताचे आणि शेततळ्याचे पावसाचे पाणी साठवावे, खरीप व हिवाळा या दोन हंगामांवरच भर द्यावा, आणि उंच वाफे करून निचरा मोकळा ठेवावा. पालक आणि बीट क्षार बऱ्यापैकी सोसतात. घेवड्यासारख्या शेंगभाज्या सोसत नाहीत. जिप्सम माती परीक्षणाशिवाय टाकू नये.

धानपट्ट्यात काय करता येईल?

भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोलीकडे बांदीच्या पाळीवर (धानाच्या शेताच्या बांधावर) तूर लावण्याची चाल आहे. तेथेच गिरिपुष्पाची झाडे लावून त्यांचा कोवळा पाला चिखलणीत घालावा. तुसाची राख पऱ्ह्यात (धानाच्या रोपवाटिकेत) मिसळावी. धान निघण्याआधी ओलाव्यावर जवस, हरभरा किंवा पोपटीच्या (वालाच्या) शेंगा घेतल्या तर दुसरे पीक आणि घरची डाळ दोन्ही साधतात. मामा (माजी मालगुजारी) तलावांतील गाळ शेतात टाकणे हे तलाव आणि शेत दोघांच्याही हिताचे आहे.

बियाणे घरचे धरावे का?

संकरित आणि बीटी बियाण्यांचे धरू नये; सरळ वाणांचे अवश्य धरावे. पीक वाण संरक्षण व शेतकरी हक्क कायदा, २००१ प्रमाणे शेतकऱ्याला आपले बियाणे राखण्याचा, पेरण्याचा, देवाणघेवाणीचा आणि ब्रँडच्या नावाशिवाय विकण्याचा हक्क आहे. चंद्रपूर जिल्ह्यातील नांदेड या गावचे दादाजी खोब्रागडे यांनी स्वतःच्या धानातील वेगळ्या लोंब्या निवडून, वर्षानुवर्षे वेगळ्या पेरून एचएमटी हा वाण दिला. अत्यल्प जमिनीच्या या शेतकऱ्याने निव्वळ बारकाईने पाहण्याच्या बळावर जे केले, ते कोणत्याही गावात होऊ शकते, असे आम्हाला मनापासून वाटते.

सोयाबीनचे घरचे बियाणे पेरण्यापूर्वी ओल्या गोणपाटात १०० दाणे ओळीने ठेवून, गुंडाळून, आठवड्याभराने कोंब मोजावेत. ७० दाणे उगवले तर एकरी ३० किलो बियाणे पुरते. त्याखाली प्रत्येक दाण्यामागे अर्धा किलो वाढवावे, आणि ६० पेक्षा कमी उगवले तर ते बियाणे वापरू नये. या दाण्याचे आवरण नाजूक असल्याने पोती आपटू नयेत आणि उंच थप्पी लावू नये. वाडीतील वांगी, भेंडी, वाल यांचे बी पहिल्या बहरातील निरोगी झाडावर राखून, पूर्ण वाळवून, चुलीच्या थंड राखेत मिसळून ठेवावे. लवकी-दोडक्याच्या बाबतीत एका वाडीत एकच वाण असावा, नाहीतर परागीकरणाने सरमिसळ होते.

रोही (नीलगाय), रानडुकरे आणि माकडे काही राहू देत नाहीत.

यावर खात्रीचा एकच उपाय नाही. कडेने करडईचे काटेरी पट्टे, सागरगोट्याचे सजीव कुंपण, आणि जेथे अनेक शेते लागून आहेत तेथे सामूहिक सौर कुंपण, हे उपाय त्यातल्या त्यात उपयोगी पडतात. नुकसान झाल्यास लगेच वनविभागाकडे अर्ज करून पंचनामा करून घ्यावा. कुंपणात घरगुती वीज सोडण्याचा प्रकार काही ठिकाणी होतो. तो गुन्हा आहे आणि त्यात माणसे मरतात.

परसबाग म्हणजे बाईच्या कामात आणखी एक भर नाही का?

घरातील बाकीचे हात हलले नाहीत तर ती भरच होते. ज्या बाईने पहाटे पाणी भरले, स्वयंपाक केला, दिवसभर निंदण केले, तिने संध्याकाळी वाडीही करावी, अशी अपेक्षा ठेवणारी योजना आम्हाला मान्य नाही. खोदाई, कुंपण, मांडव आणि पाण्याची नळी ही कामे घरातील पुरुषांनी करावीत. काय लावायचे, आणि जास्तीची भाजी विकून आलेल्या पैशाचे काय करायचे, हे तिने ठरवावे.

विक्रीसाठी प्रमाणपत्र लागते का?

घरी खाण्यासाठी आणि ओळखीच्या गिऱ्हाइकांसाठी लागत नाही. सेंद्रिय म्हणून बाजारात विकायचे असेल तर किमान पाच शेतकऱ्यांचा गट करून सहभाग हमी पद्धतीचे, म्हणजे पीजीएस प्रमाणपत्र घेता येते. या पद्धतीत गटातील शेतकरी एकमेकांच्या शेतांची तपासणी करतात. तालुक्यातील आत्मा (कृषी तंत्रज्ञान व्यवस्थापन यंत्रणा) कार्यालय, जिल्ह्यातील कृषी विज्ञान केंद्र आणि अकोल्याहून चालणारे डॉ. पंजाबराव देशमुख नैसर्गिक शेती मिशन येथे चौकशी करावी.

या मृगात एकच गोष्ट करायची असेल तर कोणती करावी?

मुंगण्याच्या दोन फांद्या वाडीच्या उत्तर कडेला रोवाव्यात, न्हाणीच्या पाण्यावर लवकीचे एक आळे करावे, आणि कुंपणाच्या पायाशी बरबटी व वाल टोबावेत. हे सर्व एका सकाळचे काम आहे. परंतु त्याआधी कुंपणाच्या सर्व फटी तुराट्यांनी बुजवून घ्याव्यात, कारण मोकाट शेळ्या कोवळ्या रोपांना चौथे पान फुटू देत नाहीत.